मास्तरांच्या घराचा दरवाजा

साठ सालच्या सुमारास मी यवतमाळच्या तुरुंगात कारकून होतो. तिथे कैद्यांना सुतारकाम शिकवायला एक मास्तर येत. ते कैद्याला कधीच नंबराने हाक मारत नसत. "मिस्त्री, रंधा सरळ धरा," म्हणत.

त्यांच्या हाताखाली शिकलेला, घरफोडीची सजा भोगलेला दारव्ह्याचा एक जण सुटला आणि मास्तरांसमोर फाटकातच थबकला.

"मास्तर, मले आता कोन घरात घेईन?"

"माह्या घराचा दरवाजा बनवाचा हाये. चाला."

शेजाऱ्यांनी मास्तरांना वेड्यात काढलं. तो मात्र त्यांच्याकडेच जेवला, राबला. दरवाजा असा बसला, की बोटाने ढकलावा आणि अलगद मिटावा.

चौथ्या दिवशी मी दरवाजा बघायला गेलो होतो, तेव्हा शेजारीण त्याला म्हणाली, "भाऊ, आमच्या खिडक्या करून देता का?"

मास्तर आपला रंधा पुसत राहिले. छाती फुगली ती माझी.