हळूमास्तरांचा पाय

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कधी गाडी पळवली नाही, त्यानं केस पिकल्यावर स्पोर्ट्स कार घ्यावी, याला काय म्हणायचं? गल्लीनं सरळ वेड म्हटलं. हौसेला मोल नसतं हे खरं, पण हौसेलाही वय असतं की नाही?

हळूमास्तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि दिवसभर ‘हळू, हळू’ म्हणायचं, म्हणून हे नाव. स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा मास्तरांच्या. गप्पा मारोत की जांभया देवोत, मास्तरांचा पाय त्या ब्रेकवरून हलायचा नाही. त्यांच्या हाताखालून शेकडो माणसं गेली, पण गाडीला साधा ओरखडा नाही. “माझ्याकडे शिकलेला कधी ठोकणार नाही,” असं ते छातीठोकपणे सांगत, आणि ऐकणारेही मान डोलावत.

नवी गाडी एका डॉक्टरांची होती. ते गेले, मुलांना ती नको होती. गर्द निळी, दोनच दारं, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. मास्तर आत शिरताना दुमडायचे आणि बाहेर येताना कण्हायचे. बायकोनं पहिल्याच दिवशी तिचं नाव सवत ठेवलं. “तिच्या काचा रोज पुसता, घरातल्या खिडकीला कधी फडकं लावलं नाहीत,” असं ती म्हणे, आणि मास्तर लाजून हसत. पाय जरा दाबला की पाठ सीटला चिकटायची. आयुष्यभर दुसऱ्याला आवरण्यात गेलेल्या माणसाला हे सुख किती होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. गाडीला ते कुणाला हात लावू देत नसत. लेकीनं किल्ली मागितली की “बघू” एवढंच.

लेक त्यांच्याकडेच शिकलेली. लायसन्सच्या परीक्षेत आरटीओचे साहेब मागच्या सीटवर, मास्तर पुढे तिच्या शेजारी, आणि पोरगी पहिल्या फटक्यात पास. पुढंही कधीमधी चालवली ती स्कूलचीच गाडी, मास्तर शेजारी असताना. दुसरी गाडी घरात होती कुठं? ऑफिसला ती बसनं जायची.

एका रविवारी सकाळी मास्तर विरघळले. मोकळ्या हायवेवर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि लेकीला चालवायला दिली. पोरीचा चेहरा असा खुलला की मास्तरांना वाटलं, उगीच इतके दिवस अडवलं. गिअर सफाईनं पडत होते. हात स्थिर. वेग वाढत गेला. पुढं एका ट्रकचे लाल दिवे लागले.

मास्तरांचा पाय खाली गेला आणि गालिच्यावर आपटला. तिथं ब्रेक नव्हता. त्यांनी लेकीच्या पायाकडे पाहिलं. तो अजून अॅक्सिलरेटरवरच होता. ती घाबरलेली नव्हती, गोंधळलेली नव्हती. ती शांतपणे वाट बघत होती.

“ब्रेक!” मास्तर ओरडले.

तिनं दाबला. गाडी इतकी जबरदस्त की ट्रकच्या अगदी मागे जाऊन जागच्या जागी उभी राहिली. “काय ब्रेक आहेत हो बाबा,” म्हणून लेक हसली. मास्तरांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. घरी परत त्यांनीच चालवत आणली. ती वाटेत गाणं गुणगुणत होती.

मास्तरांना सगळं कळलं होतं. आजवर तिनं ब्रेक दाबला तो दरवेळी त्यांच्यानंतर. गाडी आधीच थांबत आलेली असायची, ती नुसता पाय ठेवायची. हे त्यांना आजवर दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. जेवण जाईना. भीती वाटत होती, आणि लाजही.

पुढच्या शनिवारी लेक म्हणाली, “बाबा, गाडी नेते. मैत्रिणीला घेऊन घाटात जाऊन येते.”

“नाही,” मास्तर म्हणाले.

“का?”

मग त्यांनी सांगून टाकलं. “तुला गाडी येत नाही, बाळा. गाडी थांबवायचो तो मीच.”

पोरीचे डोळे भरून आले. “द्यायची नसेल तर सरळ सांगा ना. त्यासाठी मला कशाला नावं ठेवता? त्या दिवशी थांबवली की मी.”

बायकोही तिच्याच बाजूनं. “द्या हो. सवतीला पोटच्या पोरीपेक्षा जास्त जपायला लागलात की काय?” आणि खुंटीवरची किल्ली तिनं स्वतःच्या हातानं लेकीला दिली. इतके दिवस कंजूषपणा केला, आता खरं बोलले तर कोण ऐकणार? मास्तर चपला न घालताच खाली उतरले.

गाडी अंगणातून गल्लीत वळली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मधोमध मास्तर उभे होते. लेकीनं हॉर्न दिला. तिला वाटलं, हे आता शेवटच्या चार सूचना देणार. ती हसली. काचेतून मास्तरांना तिचा चेहरा दिसत होता, हायवेवर होता तसाच निवांत. त्यांचं सगळं अंग बाजूला उडी मार म्हणत होतं. आज आपण हटलो तर ही घाटात पोचेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. ते हटले नाहीत.

गाडी त्यांच्या गुडघ्यावर आदळली आणि मग थांबली. मास्तर आडवे झाले. दार उघडं टाकून लेक धावत आली.

“बाबा, तुम्ही बाजूला का नाही झालात?”

“तू ब्रेक का नाही दाबलास?” वेदनेनं त्यांचा आवाज चिरका झाला होता, तरी रागावलेला नव्हता.

“मला वाटलं, थांबेल.”

“कोण थांबवणार होतं?”

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मागे वळून पाहिलं. शेजारच्या सीटवर तिची पर्स तेवढी होती. ती तिथंच, भर रस्त्यात, बापाच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात धरून रडायला लागली.