बिबवेवाडीत राहिलेली लायब्ररी

गेल्या मंगळवारी कर्वेनगरला, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एक गंमत झाली. गंमत आता म्हणतेय... तेव्हा मी रडायचीच बाकी होते.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. चिपच्या आतलं सर्किट आम्ही आधी कोडमध्ये लिहितो, आणि तो कोड तपासायला कंपायलर लागतो. आमचं विकतचं सॉफ्टवेअर आता दोनच मशीनवर चालतं, आणि सगळा वर्ग त्या दोन्हींभोवती घोळका करून उभा... मागच्या मुलींना तर स्क्रीनसुद्धा दिसत नाही.

म्हणून मी ओपन सोर्स कंपायलरचा हट्ट धरला. पैसे पडत नाहीत, आणि मुलांना आपापल्या लॅपटॉपवरही टाकता येतो. पण आमचे एचओडी सर 'फुकट' या शब्दाकडेच संशयाने बघतात. मंगळवारी सगळ्या मशीनवर चालवून दाखवा, नाहीतर हे वर्षही त्या दोन मशीनवरच काढा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

मी रविवारी बिबवेवाडीला घरी बसून माझ्या लॅपटॉपवर कंपायलर सोर्सपासून बिल्ड केला, म्हणजे त्याच्या मूळ कोडमधून स्वतः तयार केला. झकास चालला. सोमवारी लॅबच्या रिवाजाप्रमाणे तो एका मशीनवर कॉपी केला आणि त्या मशीनची प्रत बाकी सगळ्यांवर टाकली. व्हर्जन नंबर दिसला, तेवढ्यावर खूश होऊन घरी गेले...

मंगळवारी सर आले. मी पहिला प्रोग्रॅम चालवला आणि लाल अक्षरं उमटली... स्टँडर्ड लायब्ररी सापडत नाही. दुसरं मशीन, तिसरं, खिडकीजवळचं... सगळीकडे तेच.

स्टँडर्ड लायब्ररी म्हणजे आमच्याकडचा मिसळणाचा डबा. साधी फोडणीसुद्धा त्याच्याशिवाय होत नाही. आणि तो डबा तर मी स्वतः कॉपी केला होता, फोल्डर समोर दिसत होतं! परमिशन तपासल्या, परत कॉपी केलं, मशीन बंद करून चालू केलं... ढिम्म. बाजूला माझा लॅपटॉप मात्र तोच प्रोग्रॅम शहाण्यासारखा चालवत होता.

माझ्या घरी व्यवस्थित चाललं होतं हो, असं मी काकुळतीला येऊन म्हणाले. सरांनी शांतपणे चष्मा पुसला.

"मग प्रॅक्टिकल परीक्षा तुमच्या घरीच घेऊ या, मॅडम. चहाचं तेवढं तुम्ही बघा."

मागे दोघं-तिघं हसले. माझी कानशिलं तापली... आणि त्याच क्षणी डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी!

कंपायलर बिल्ड होताना लायब्ररी कुठे ठेवली आहे तो पत्ता त्याच्या आतच लिहिला जातो. मी तो बिल्ड केला घरी. म्हणजे कर्वेनगरची सगळी मशीन्स बिबवेवाडीत लिहिला गेलेला पत्ता धरून, माझ्या लॅपटॉपवरचं, माझ्या नावाचं फोल्डर शोधत बसली होती. डबा इथे समोर, आणि ही मंडळी माझ्या घरचा ओटा धुंडाळताहेत...

नवा पत्ता सांगायची सोय कंपायलरमध्ये आहे. एका ओळीचं काम. ओळ लिहिली, एंटर दाबलं... आणि स्क्रीनवर सिग्नलच्या हिरव्या रेघा, म्हणजे सर्किट चालल्याची खूण, सरसर उमटल्या! मग शेजारचं मशीन, मग पुढची रांग, मग अख्खी लॅब. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मी खोटं कशाला सांगू, मला स्वतःचा भयंकर अभिमान वाटला.

सर म्हणाले, "बरं आहे." पुण्यात याला शालश्रीफळ समजतात.

कंपायलरची एक गोष्ट मात्र डाचत होती. लायब्ररी सापडत नाही म्हणतोस बाबा, पण शोधलीस कुठे, ते सांगायला काय जातं? मग मी तेवढी दुरुस्ती करून हा कंपायलर बनवणाऱ्यांच्या प्रोजेक्टला पाठवली. कधीही न भेटलेल्या माणसांनी ती तपासली, दोन शंका विचारल्या आणि काल स्वीकारलीसुद्धा. आता कुठेही, कुणाचीही लायब्ररी हरवली, तर कंपायलर आधी पत्ता सांगेल.

सर, तुम्ही फेसबुकवर नाही, तरी इथे जाहीर सांगते... त्या टोमण्याबद्दल मनापासून आभार.

आज सकाळी मागच्या रांगेतल्या एका मुलीकडून फोटो आला. लोणी काळभोरला राहते, भावाचा जुना लॅपटॉप, पडद्यावर त्याच हिरव्या रेघा. खाली एवढंच लिहिलं होतं... "मॅडम, आमच्या घरी पण चाललं."