ओवा मूठभर, तेल चमचाभर

"खिडकी उघडा," मी म्हणालो.

"नाही उघडत," वत्सलाबाई म्हणाल्या. "बाळंतिणीच्या खोलीत वारा घुसू द्यायचा नसते."

खोलीत पाय ठेवताच माझे डोळे चुरचुरले. मी तेलाच्या धंद्यात म्हातारा झालेला माणूस. माझे डोळे चुरचुरतात, तर महिन्याभराच्या पोराचं काय होत असेल? पोर आजीच्या, म्हणजे वत्सलाबाईंच्या, मांडीवर सुस्त पडलं होतं. मधूनच खोकत होतं. कोपऱ्यात डिफ्यूझर फुसफुसत होता.

डिफ्यूझर म्हणजे विजेवर चालणारं भांडं. त्यात पाणी घालायचं, पाण्यात तेलाचे दोन-तीन थेंब टाकायचे. मग त्याचं धुकं खोलीभर पसरते. ही तेलं मी विजय नगरातल्या एका दुकानात बाटल्यांत भरतो आणि विकतो. नीलगिरी, पुदिना, लव्हेंडर, खस म्हणजे वाळा. माझी शाळा चौथीपर्यंत. काम शिकलो ते मालकाच्या वडिलांच्या हाताखाली. ते गेले. आता मालक त्यांचा मुलगा अंकित.

आदल्या दिवशी मी दुकानात नव्हतो. शांताचं मासिक श्राद्ध होतं, नदीवर ग्वारीघाटला गेलो होतो. शांता माझी बायको. त्या दिवशी काउंटरवर अंकित एकटा. सकाळी मी आलो तर गडी खूश, वत्सलाबाई येऊन गेल्याचं सांगू लागला.

"काका, कल आपकी दीक्षितपुरावाली आंटी आई थीं. नाती को सर्दी है, नीलगिरी ले गईं."

"नाती कितना बड़ा है, पूछा?"

"अभी तो हुआ है."

"और तूने दे दी?"

"नेचुरल चीज़ है काका. नुकसान थोड़ी करेगी."

धोतराही नॅचरलच आहे. खाऊन पाहा म्हणावं.

नीलगिरी, पुदिना, कापूर ही तेलं फार तिखट. मोठ्या माणसाचं नाक मोकळं करतात, पण अंगावरच्या लेकराचा श्वास त्यांनी अडकू शकतो. तान्ह्याच्या खोलीत ही तेलं लावायचीच नाहीत, थेंबभरही नाही. मोठ्यांनीही थोडा वेळ लावायचं, खोलीत हवा खेळती ठेवायची, मग बंद करायचं. अंगाला नुसतं तेल कधी चोळायचं नाही. आधी तीळ किंवा खोबरेल घ्यायचं, त्याला आम्ही कॅरियर ऑइल म्हणतो. लहान चमचाभर तेलात एक थेंब, बस. आणि पोटात तर घ्यायचंच नाही. मोठ्या मालकांनी मला पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं. अंकितला बी शिकवलं असेल, पण तो तेव्हा मोबाईल पाहून राहिला असेल.

मी चपला घातल्या. अंकित आडवा आला.

"कहाँ चले? वो बोतल वापस ले आएँगी, पूरे मोहल्ले में बदनामी होगी."

"होने दे."

"काउंटर छोड़ के गए ना काका, तो फिर आना मत."

"तू अपना काउंटर पकड़ के बैठ," म्हणालो आणि ऑटोत बसलो. फोन केला नाही. वत्सलाबाई फोनवर कोणाचं ऐकत नाहीत. शांताच्या भजनमंडळातल्या त्या, मला पक्क्या माहीत.

तर आता त्या खिडकीसमोर उभ्या, पोर खांद्यावर.

"किती टाकलं तेल?"

"चमचाभर."

"चमचाभर?"

"मंग? शेगडीवर ओवा मूठभर टाकत होतो का नाही? आता शेगडी कोण पेटवून राहिलं? पल्लवीनं हे मशीन आणलं. ओव्याच्या जागी तेल."

आमच्या विदर्भातून इकडे हिंदी मुलखात आलेल्या घरांत बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी देतात. निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी, दारं-खिडक्या बंद. बाईंनी ओव्याच्या जागी तेल घेतलं आणि मापही ओव्याचंच घेतलं. धूरही लेकराला चांगला नाही, पण निखारा विझला की तो तरी थांबायचा. हे मशीन काही थांबत नव्हतं.

मी सरळ प्लग ओढला.

"भाऊजी! माझ्या घरात येऊन काहून दादागिरी करून राहिले? चार लेकरं वाढवली मी."

"वाढवली असतील. हे बी वाढू द्या."

त्या लाल झाल्या. मग जे बोलायचं नव्हतं ते बोलल्या. "तुमच्या घरात तर डबाभर तेलं होती. शांता वाचली का?"

पलंगावरची पल्लवी, त्यांची बाळंतीण लेक, "आई!" म्हणून ओरडली.

"नाही वाचली," मी म्हणालो. "तेलानं वाचणार बी नव्हती. मी तिला तसं कधी सांगितलं नाही. कापसावर खसचा एक थेंब, उशापासून लांब. तिला तो वास आवडे, म्हणून. तेलानं रोग जाते असं जो सांगते तो खोटं बोलून राहिला. माझा मालक असला तरी. आता सरका."

त्या सरकल्या नाहीत. पल्लवीच उठली, भिंत धरत धरत. "आई, हटो ना. माझं बी डोकं सकाळपासून फुटून राहिलं. तू सुनतच नाही." तिनं खिडकी उघडली, पोर घेतलं आणि बाहेरच्या खोलीत गेली.

"भूक नाही म्हणून सुस्त आहे ते," वत्सलाबाई म्हणाल्या.

"मग डॉक्टरलाच सांगा तसं. ऑटो खाली उभा आहे."

दवाखान्यात डॉक्टरनं पोराची छाती तपासली, काय टाकलं, किती टाकलं, विचारलं. "चमचा" ऐकून त्यानं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. संध्याकाळपर्यंत पोराला नजरेखाली ठेवलं. दिवस कलता कलता पोरानं दूध ओढलं आणि असं भोकाड पसरलं की बाजूच्या वॉर्डातले लोक डोकावले. वत्सलाबाईंनी पदरानं डोळे पुसले. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. अजूनही बोलत नाहीत. चालते मला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. अंकित म्हणाला, "काका, मना किया था ना."

"तेरे बाप ने बिठाया है. उठा के दिखा."

त्यानं उठवलं नाही. तासाभरानं चहा मागवला, एक कप माझ्यासमोर सरकवला आणि तोंड फिरवून बसला.

आता नीलगिरी मागितली की मी आधी विचारतो, घरात लहान लेकरू आहे का? असेल तर बाटली मिळत नाही. अंकित कपाळावर हात मारते. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून दुसऱ्या दुकानात जाते. जाऊ द्या. तिथंही मी जाऊन सांगून आलो आहे.

लेकराला सर्दी झाली तर डॉक्टरकडे जा. माझ्याकडे फक्त वास मिळतो.