कारणाचा रकाना

आज कंपनीचा स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म मोबाईलवर भरायला घेतला. हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात नवी मशीन येताहेत आणि माझ्यासारख्या पन्नाशीतल्यांना घरी पाठवताहेत. लागणाऱ्या कागदांची यादी मी कालच करून ठेवली होती. भराभर रकाने भरत गेले आणि ‘निवृत्तीचे कारण’ इथे अडले.

कॉलेजात असताना असाच फॉर्म मी बाबांसाठी भरला होता. बाबा मिलमध्ये विणकर होते. त्यांच्या सदऱ्याला सुताच्या खळीचा आंबूस वास यायचा. त्या दिवशी ते शेजारी बसले, तेव्हाही येत होता.

“स्वेच्छा म्हणजे काय वं?” त्यांनी विचारलं.

“तुमची मर्जी, बाबा.”

“मले तं कोनी इचारलं नाही. कारणात लिही, मिल बंद करून राहिले.”

“तसं नाही चालत. सगळ्यायनं ‘घरगुती कारण’ लिवलं.”

“काहून? आपल्या घरात काय झालं वं?”

मी वैतागले. फॉर्म एकच होता, खाडाखोड नको होती. वळणदार अक्षरात ‘घरगुती कारण’ लिहिलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सही केली. काम निपटलं, म्हणून मला बरंच वाटलं होतं.

आज मला बाबांचंच वाक्य लिहायचं होतं, ‘मले तं कोनी इचारलं नाही’. पण इथे लिहायला जागाच नाही. बोट लावलं की यादी उघडते: घरगुती, आरोग्य, शिक्षण, स्थलांतर. एक निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. तीनदा मागे जाऊन पाहिलं.

आमच्या घरातही काहीच झालेलं नाही.