पेपरवरचं पहिलं नाव

"बेन, जरा साइडमां," फोटोग्राफर म्हणाला. मी सरकले. पिंजरा माझ्या हातात. फोटोत पांढरा उंदीर हवा म्हणून आमच्या लॅबच्या सरांनी मलाच तो आणायला लावलेला. माझ्या जागी मृणाल उभी राहिली. सरांची भाची.

पेपरच्या सत्काराला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "ह्या कोण?"

"उंदीर सांभाळतात," सर म्हणाले. "यांच्या लोकांना घाणीचं काही वाटत नाही."

सगळे हसले. मृणालही.

मी शरीरक्रियाशास्त्रात पीएचडी आहे. बाप रेल्वेत गँगमन, विदर्भातून इकडे गुजरातेत, छाणीला आलेला. डायबेटिस झालेल्या उंदरांच्या स्वादुपिंडातल्या ज्या पेशी मेल्या असं सगळे धरून चालले होते, त्या पुन्हा इन्सुलिन बनवायला लागल्या. हे पहिल्यांदा मी पाहिलं. सर म्हणाले, "तुझं रीडिंग चुकलंय." मी पुन्हा केलं. अकरा वेळा. तेच आलं. मग त्याचा रिसर्च पेपर निघाला, जगभर गाजला. त्यावर नावं दोन. पहिलं, म्हणजे काम करणाऱ्याचं, मृणालचं. मग सरांचं. मी शेवटी, आभारांत. लॅब असिस्टंट म्हणून.

मृणालचा मला हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू? नागरवाड्यातलं घर, पणजोबा संस्थानच्या दरबारात मोठे अधिकारी. आडनाव ऐकलं की लोक खुर्ची पुढे करायचे. तिची चूक झाली तर "शिकतेय अजून". माझी झाली तर "कोट्यातली". तिला उंदीर धरता यायचा नाही, तेसुद्धा तिला शोभून दिसायचं. आईच्या बोटाला सुई टोचून साखर तपासतानाही माझ्या डोक्यात मृणालच. इतकी जळायचे.

त्या दिवशी ती हसली आणि मी पिंजरा तिच्यापुढे धरला. "धर."

"मला भीती वाटते गं, ताई."

"मग फोटो कशाचा काढतेस?"

सर दबक्या आवाजात म्हणाले, "तमाशा नको. तुझी नोकरी माझ्या सहीवर आहे."

मी पिंजरा टेबलावर ठेवला. सगळ्यांना कळावं म्हणून गुजरातीत बोलले. "आ काम में कर्युं छे." हे काम मी केलंय. कुणी टाळी वाजवली नाही.

महिनाअखेरीस नोकरी गेली. तोवर माझ्या अक्षरातल्या सगळ्या नोंदी मी पेपर छापणाऱ्या जर्नलकडे पाठवल्या होत्या. चौकशी लागली. मग मृणालचा फोन आला.

"ताई, पुढच्या पेपरवर आम्ही तुझं नाव घालू."

"आम्ही म्हणजे कोण?"

तिने फोन ठेवला.

हेवा अजून आहे. चौकशीला जाईन तेव्हाही असेल. असू दे. पुढचा पेपर नको मला. हाच हवा. आणि पहिलं नाव माझं.