हालु

खाला गेली. मी तिचं दूध प्यायलोय.

नात्यानं ती कुणीच नव्हती. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत समोरच्या घरातली. नवरा पिंजारी, गाद्या भरून द्यायचा.

साल एकाहत्तर. मी वीस दिवसांचा.

आई चिक्कोडीकडची, अठरा वर्षांची. मराठीचा एक शब्द येत नव्हता. माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण इथंच. वडील ट्रक घेऊन लांबच्या ट्रिपला गेलेले.

तापानं आईचं दूध आटलं.

दोन दिवस तिनं मला साखरपाणी पाजलं. तिसऱ्या दुपारी माझं रडणंच थांबलं, तशी ती दारात आली.

"हालु बेकु," शेजारच्या काकूंना म्हणाली. कानडीत, दूध पाहिजे.

काकूंना ऐकू आलं, हाल.

"व्हय गं पोरी. बाईच्या जातीला हाल हायतच की. सोसायचं." डोक्यावरून हात फिरवून काकू गेल्या.

मग खाला दिसली. आई तेच म्हणाली.

खालाच्या घरी हाल म्हणजे खुशाली.

"ठीक हाय गं माझं," ती म्हणाली.

आणि थांबली. खुशाली विचारताना कुणी एवढं रडत न्हाय.

ती आत आली. मला बघितलं. तिचा सलीम तेव्हा तीन महिन्यांचा. खाली बसली आणि मला पदराखाली घेतलं.

मला आठवायचं काही कारण नाही.

तरी डोळे मिटले की दिसतं. उन्हाच्या पट्ट्यात कापूस तरंगतोय. समोरून पिंजणाच्या तारेचा आवाज येतोय, एकसारखा. कुणालाच कसली घाई नाही.

वडील आठवड्यानं आले. तोवर मी परत रडायला लागलो होतो, चांगला जोरात.

खालानं पुढं चार महिने पाजलं. आईला मराठीही तिनंच शिकवली.

कॉलेजात भाषेच्या सरांना विचारलं. म्हणाले, मराठीतला नि उर्दूतला हाल मूळचा एकच, अरबीतला. कानडी हालु वेगळा, तमिळच्या 'पाल'चा भाऊ. "त्या दोघांचं काही नातं नाही."

घरी येऊन खालाला सांगितलं. ती गादीला टाके घालत होती.

"नसू दे की," म्हणाली. "आपलं तरी कुठं हाय?"

आज कब्रस्तानात मी मागं थांबलो होतो. सलीम गर्दीतून आला, माझा हात धरला.

"मागं काय उभारलाईस? पोरगा हाईस न्हवं तिचा?"

दोघांनी मिळून माती दिली.

आई अजून खालाच्या उंबऱ्यावर बसून आहे. घरी चल म्हटलं तर हलत नाही.

खाला, सावकाश जा. आम्ही हाय इथं.