कंप्युटरवाला सुनील

बेल असूनही दार हातानं वाजवणारं माणूस आमच्याकडे एकच येतं, कुडपणच्या ठमाबाई. आमच्या घरची नाचणी कितीतरी वर्षं त्यांच्याकडूनच येते. त्या सकाळी पोळ्या अर्ध्यावर होत्या, ह्यांना मोजा सापडत नव्हता, आणि दारावर थाप पडली. पिठाच्या हातानं कडी काढली. ठमाबाईंच्या डोक्यावर आज पिशवी नव्हती. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलं होतं. मागे, जिन्यात खाली, त्यांचा मुलगा सुनील स्वतःच्या चपलांकडे बघत उभा.

"वैनी, माज्या हातनं पाप झाला," ठमाबाई दारातच म्हणाल्या.

लुगडं उलगडलं तर आत लॅपटॉप. आणि चुलीच्या धुराचा वास.

सुनील मुंबईला 'कंप्युटरच्या हापिसात' होता. यंदा पावसाच्या तोंडावर ते ऑफिस बंद झालं. निघताना मिळालेला हा जुना लॅपटॉप घेऊन तो गावी आला. कुडपणात त्याला सगळे 'कंप्युटरवाला' म्हणतात. नाव आईनंच पाडलेलं. कुणाचं ऑनलाइन काम निघालं की ठमाबाई सांगायच्या, पोलादपूरला कशाला जाताव, माजा सुनील घरात करंल. पण वर डोंगरात पावसाळ्यात भिंतींनाही बुरशी धरते. लॅपटॉप दमटेल म्हणून ठमाबाईंनी तो चुलीवर टांगलेल्या फळीवर ठेवला, बियाण्याच्या शेजारी. बियाणं जिथं कोरडं राहतं तिथं हाही राहील! गणपती झाल्यावर लोक कामं घेऊन आले, तर हा चालूच होईना.

"सुनील मला काय बोलला नाय. पन लोकांना बोलला, धुरानं गेला. आता पानवठ्यावर शेजारची आवडी मला म्हनते, ठमे, लेकाच्या पोटाला धुरी दिलीस गो!" त्यांनी पदर तोंडाला लावला. "तुमी बघा. मेला असंल तर माज्यासमोर नका सांगू."

आणि त्या बाहेर जिन्यावर जाऊन बसल्या.

माझ्या लेकीच्या, मैथिलीच्या, लॅपटॉपनं असे रुसवे खूप केलेत, त्यामुळे मला थोडंफार कळतं. चार्जर लावला. दिवा नाही. दुसऱ्या बोर्डावर लावून पाहिला, तरी नाही. पिन जाते त्या भोकात डोकावले तर काजळी. कोरड्या टूथब्रशनं ती हलकेच काढली.

तोवर सुनीलनं रुमाल काढून स्क्रीन पुसायला घेतली होती. वरून खाली, एकाच दिशेनं, कोपरे बोटानं हळुवार. इतकं नेटकं पुसणं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आता चार्जर न लावताच चालू करायचं बटन दाबून धर," मी म्हटलं. "आत वीज अडकलेली असते, ती निघून गेली की कधीकधी सुरू होतो." आणि तव्यावरची पोळी उतरवून आले.

सुनील अंगठा घट्ट दाबून उभा होता. स्क्रीनच्या खाली कंपनीचं नाव असतं ना, त्यावर.

मी त्याचा अंगठा पाहिला. मी पाहिलेलं त्यानं पाहिलं. कानांपर्यंत लाल झाला. पाहिल्याची मलाच लाज वाटली.

कीबोर्डच्या कोपऱ्यातलं बटन मी दाबून धरलं, सोडलं, चार्जर लावला. बारीक पिवळा दिवा लागला. थोडं थांबून पुन्हा बटन दाबलं. पंखा घुमला, स्क्रीन उजळली. सुनीलचा चेहरा मात्र विझला.

"काकू, मी हे पुसायचो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सकाळी टेबलावर मांडायचो, सांजच्याला कपाटात ठेवायचो. मी कंप्युटर करतो असा आयेला कदी बोललो नाय. कंप्युटरच्या हापिसात हाय, येवढाच बोललो. पुडचा तिनं केला."

"आणि धुरानं गेला, हे?"

त्यानं रुमालाची घडी घातली.

"ते मी बोललो. लोक समोर बसलेले. हाताला लागला ते दाबला, तो काय पेटला नाय. मंग बोललो."

"तिकडं तुझी आई पाप झालं म्हणून बसलीये, सुनील."

"म्हायती हाय."

बाहेरून हाक आली, "वैनी, मेला काय वो?"

'मेलाच म्हणा' हे त्याच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. त्यानं दाराकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे.

"काकू, परत बंद करा तो," सुनील म्हणाला. "आन् बटन कुठला, तेवढा दाखवा. आय आत आली की तिच्यासमोर मी दाबतो."